दिवा लागलेला होता

“ताई, अकरा वाजले. बोला आता.”

रंभाजी ठुबेंनी मनगट माझ्यासमोर धरलं. घड्याळ त्यांच्या फौजेतल्या दिवसांतलं, काचेवर चरे पडलेलं, पण मिनिटभरही पुढं-मागं व्हायचं नाही. मी माळ पिशवीत ठेवली, मनात नाव घेतलं आणि त्या दिवसाचं पहिलं वाक्य बोलले.

“भाऊ, चाकातली हवा बघितलीत?”

“घ्या. सकाळधरनं देवाशी बोलून आल्या आन पहिला शब्द काय, तर चाकातली हवा.” ते हसले. “बघितली. चारी चाकांची बघितली, मागं टांगलेल्या पाचव्याची बी बघितली. आजून काय?”

“काही नाही. जपून जा.”

एवढंच मी त्यांना त्या दिवशी सांगितलं. याला आता नऊ वर्षं झाली.

सुप्याच्या पुढं आमच्या कंपनीचं गाड्यांच्या चाचण्यांचं आवार होतं. मागच्या बाजूला एक जुनी दगडाची खाण. तिच्या तळाशी मुद्दाम तळं केलेलं, कमरेइतकं पाणी, दोन्ही बाजूंना सिमेंटचे उतार. रंभाजीभाऊ तिथले सगळ्यांत जुने चाचणी-चालक. मी विश्वासार्हता विभागात. कुठला भाग किती तास टिकला, काय मोडलं, कशानं मोडलं, हे लिहायचं आणि खाली सही करायची, हे माझं काम. वडिलांचा आवाज दुखण्यात गेला तेव्हा मी नेम घेतला होता की स्नान झाल्यापासून अकरापर्यंत माझा आवाज देवाचा. वडील गेले, नेम राहिला. ऑफिसनंही तो मान्य केला होता. अकराच्या आत काही विचारायचं झालं तर कागद पुढं करायचे, मी लिहून उत्तर द्यायची. अकरा वाजले की रंभाजीभाऊ जिथं असतील तिथून येऊन मनगट पुढं धरायचे. सोमवारी शेतातल्या झाडाची बेलाची पानं आणायचे, वर्तमानपत्रात गुंडाळून, देठ मोडलेली, कीड बघून निवडलेली.

त्या दिवशी तळ्यावर पाहुणे होते. एका मोठ्या खाण-उद्योगाची पाच माणसं आमची नवी चौचाकी बघायला आली होती. पसंत पडली तर दोनशे गाड्या एका दमात जाणार होत्या. प्रकल्पाचे मुख्य राजाध्यक्ष साहेब त्यांना मऊ आवाजात समजावून सांगत होते.

“इंजिन दोन लिटरचं, पेट्रोलवर. त्याला बेल्टनं जोडलेली ही छोटी मोटर, आणि सीटखाली अठ्ठेचाळीस व्होल्टची बॅटरी. मोटर एकटी गाडी ओढत नाही. चढावर इंजिनाला हात देते, उतारावर वीज साठवते. गाडी थांबली की इंजिन आपोआप बंद होतं आणि ब्रेकवरचा पाय उचलला की ही मोटर ते पुन्हा फिरवते. पेट्रोल वाचतं.”

“आणि चिखलात मधेच बंद पडलं तर?” पाहुण्यांतल्या एकानं विचारलं.

“म्हणून तर हे बटण. ते दाबलं की इंजिन थांबण्याचा प्रश्नच नाही. हिरवा दिवा लागतो. लहान मुलालाही कळेल.”

रंभाजीभाऊंनी बटण दाबलं. गाडी पाण्यात उतरली, दोन्ही बाजूंना पाण्याच्या भिंती उभ्या करत पलीकडं गेली, उताराला लागली, वर आली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. राजाध्यक्षांनी दोन्ही हात वर केले. “ठुबे, बंद करा. फोटो.”

त्यांनी किल्ली फिरवून गाडी बंद केली. आम्ही खाणीच्या कडेनं पलीकडं गेलो. पाहुण्यांनी बंपरवर पाय ठेवून फोटो काढले, एकानं स्टिअरिंगवर बसून काढला. दहा मिनिटं गेली. मग रंभाजीभाऊ परत चढले, किल्ली लावली. मी त्यांच्या खिडकीपाशीच उभी होते. त्यांनी बटणाकडं बोट केलं.

“ताई, दिवा लागलेला हाय. निघू?”

मी बघितलं. दिवा लागलेला होता. मी मान हलवली.

ते निघाले. तळ्याच्या मध्यावर असताना राजाध्यक्षांनी पुन्हा हात केला. पाण्यातला एक फोटो राहिला होता. रंभाजीभाऊंनी पुढच्या उताराच्या पायथ्याशी, पाणी दारापर्यंत असताना, ब्रेकवर पाय ठेवला. गाडी थांबली. आणि इंजिन बंद झालं.

खाणीत इतकी शांतता झाली की पाण्यावरचे बुडबुडे फुटताना ऐकू आले. मग त्यांनी ब्रेकवरचा पाय उचलला आणि बेल्टचा आवाज आला. डुकराला धरल्यावर ते ओरडतं तसा. मोटर फिरत होती, ओला बेल्ट तिच्यावरून नुसता घसरत होता, इंजिन फिरत नव्हतं. तेवढ्यात पुढची चाकं शेवाळावरून मागं सरकली. गाडी आडवी झाली, एका अंगावर कलली आणि हळूहळू, अगदी सावकाश, पाण्यात झोपली.

रंभाजीभाऊ खिडकीतून बाहेर आले. उजव्या खांद्याचं हाड मोडलेलं होतं. पाणी तुडवत काठाला लागल्यावर ते राजाध्यक्षांना म्हणाले, “साहेब, दिवा लागलेला व्हता.”

राजाध्यक्षांनी पाहुण्यांकडं वळून हसून सांगितलं, “मी म्हटलं ना, लहान मुलालाही कळेल. आमच्या ठुब्यांचं वय मात्र पन्नास आहे.”

पाहुणे हसले. त्यांना हसायला काहीतरी हवंच होतं.

चौकशी तीन दिवसांनी, सोमवारी सकाळी साडेदहाला लागली. मी माझ्या जागेवर गेले तर टेबलावर वर्तमानपत्राची पुडी. हात झोळीत अडकवलेला असताना त्यांनी ती पानं कशी तोडली, कशी निवडली, मला कळलं नाही. मी ती दुसऱ्या दिवशी वाहिली. त्या दिवशी हात धजला नाही.

खोलीत आम्ही चौघं होतो. राजाध्यक्ष, इंजिनाच्या बेल्टची रचना ज्यांनी केली ते पानसे, मी आणि रंभाजीभाऊ. ते सोडून सगळ्यांना खुर्च्या होत्या. टेबलावर गाडीतून काढून आणलेली बटणांची पट्टी होती, मागून वायरी लोंबत असलेली.

“ठुबे, दाबून दाखवा बरं,” राजाध्यक्ष म्हणाले.

“साहेब?”

“बटण. कसं दाबलंत ते बघू.”

रंभाजीभाऊंनी डाव्या हातानं बटण दाबलं.

“लागला का दिवा?”

“वीजच न्हाई तर कसा लागंल.”

“वा. म्हणजे दिव्याला वीज लागते एवढं येतं तुम्हाला. पानसे, लिहून घ्या, चालकाला विजेचं प्राथमिक ज्ञान आहे.” पानसे खाली बघून हसले. “पुन्हा दाबा. आवाज आला पाहिजे.”

त्यांनी दाबलं.

“आणखी एकदा. सवय होऊ दे. त्या दिवशी एकदा जरी असं दाबलं असतंत तर आज हात गळ्यात नसता.”

ते दाबत राहिले. टक. टक. बारा-पंधरा वेळा झालं असेल. राजाध्यक्ष चहा पीत होते. मोडलेल्या खांद्याला धक्का बसला की रंभाजीभाऊंचा ओठ एका बाजूला ओढला जायचा. मी माळ ओढत होते. मण्यांची संख्या चुकली म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

“साहेब, म्या दाबलं व्हतं,” ते शेवटी म्हणाले. “दिवा लागलेला व्हता. निघायच्या आधी ताईंना दाखवला बी.”

राजाध्यक्षांनी माझ्यापुढं कागद सरकवला. त्यावर लिहिलं होतं: दुसऱ्या फेरीत पाण्यात असताना गाडीच्या नोंदीत बटणाची स्थिती काय आहे?

नोंद माझ्यापुढंच होती. गाडीतला संगणक दर सेकंदाला लिहून ठेवतो. मी लिहिलं: दुसऱ्या फेरीत गाडी पाण्यात असताना नोंदीत बटण दाबल्याची स्थिती आढळत नाही.

हे खरं होतं. माझ्या हातून खोटं लिहिलं जात नाही हे त्या आवारात सगळ्यांना माहीत होतं. म्हणूनच सगळ्या अहवालांना सही माझी लागायची.

पण त्याच्या पलीकडलं जे खरं होतं ते मी लिहिलं नाही. त्या बटणाचा दिवा बटणालाच जोडलेला होता. बटण आत असेपर्यंत तो लागलेला राहायचा. संगणकाला मात्र दाबल्याचा तेवढा क्षण कळायचा, आणि किल्ली बंद करून परत लावली की तो विसरायचा. दिवा सांगायचा ‘आहे’, संगणक म्हणायचा ‘नाही’. हा दोष मीच शोधला होता, दोषांच्या यादीत सतरावा. पानसेंनी तो किरकोळ ठरवून चालकांच्या सूचनापत्रातून काढून टाकला होता. खिडकीपाशी उभी असताना मला तो आठवला होता. पण पाहुण्यांसमोर ‘भाऊ, पुन्हा दाबा, गाडी विसरली असेल’ असं म्हणायचं कसं. आणि गाडी पाण्यात थांबणारच नसेल तर बटणाचा संबंधच येत नव्हता. म्हणून मी मान हलवली होती.

नोंदीचं आधीचं पान, पहिल्या फेरीचं, माझ्याच फायलीत होतं. त्यात बटण दाबलेलं स्पष्ट होतं. ते पान पुढं केलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग इंजिन परत का चालू झालं नाही. बेल्ट का घसरला. आणि मग दोन महिन्यांपूर्वीचा माझा अहवाल कुणीतरी उघडला असता. बंद खोलीतल्या तीनशे तासांच्या परीक्षेत दोनशे बाराव्या तासालाच बेल्ट घसरायला लागला होता. तो ताणून धरणारी स्प्रिंग कमजोर होती. पानसेंनी बेल्ट बदलला आणि पुढचे तास पुरे केले. नियमानं मोजणी शून्यापासून करायला हवी होती. “मॅडम, बेल्ट म्हणजे झिजणारी वस्तू,” ते तेव्हा म्हणाले होते. “तुम्ही फक्त इंजिन तीनशे तास चाललं एवढंच लिहा. यात खोटं काय आहे?” त्यात खोटं काही नव्हतं. मी लिहिलं आणि सही केली.

राजाध्यक्षांनी माझा कागद मोठ्यानं वाचला.

रंभाजीभाऊ माझ्याकडं बघत राहिले. चिडून नाही. कोडं पडल्यासारखे.

“ताईंनी लिहिलंय?”

“अक्षर ओळखता ना त्यांचं?”

“मग...” ते थांबले. “मग मला दिसला तो काय व्हता?”

“तेच तर आम्ही विचारतोय, ठुबे. दिवे दिसायला लागले म्हणजे माणसानं घरी बसावं.”

पानसे म्हणाले, “उन्हाची तिरीप पडली असेल. हिरवी काच असते, चमकते.”

“तिरीप,” रंभाजीभाऊ स्वतःशी म्हणाले. मग त्यांनी डावा हात उजव्या मनगटाकडं नेला, घड्याळ वळवून बघितलं, आणि त्यांचा चेहरा एकदम सैल झाला. ते माझ्याजवळ आले. झोळीतलं मनगट तसंच, जमेल तेवढं, माझ्यापुढं केलं.

“ताई, अकरा वाजून पाच झाले. बोला आता.”

राजाध्यक्षांनी कप खाली ठेवला.

“तुम्ही व्हता खिडकीपाशी. मी इचारलं, निघू? तुम्ही मान हलवली. दिवा व्हता का न्हाई तेवढं सांगा. न्हाई म्हणलात तर मी आत्ता सही करतो.”

मी पेन उचललं. कागदावर लिहिलं: बारापर्यंत मौन आहे.

“बारा?” रंभाजीभाऊ म्हणाले.

राजाध्यक्षांनी वाचलं आणि मान मागं टाकून हसले. “देवानं ड्युटीची वेळ वाढवली वाटतं. ठीक आहे. नेम म्हणजे नेम. आपण कुणाच्या श्रद्धेत पडत नाही.” त्यांनी एक टाइप केलेला कागद पुढं केला. “ठुबे, हे बघा. चूक अनवधानानं माझ्याकडून झाली असावी. झाली असावी असंच लिहिलंय, झाली असं नाही. तुमचा मान ठेवलाय. सही करा, तुम्हाला गोदामात घेतो. नाही केलीत तर गाडीचं नुकसान हेतुपुरस्सर केलं असं धरावं लागेल. मग पोलीस वगैरे.”

“बारापर्यंत थांबू का, साहेब?”

“थांबा की. मी मात्र पावणेबाराला निघतोय.”

ते थांबले. उभे. भिंतीला टेकले नाहीत. मधून मधून माझ्याकडं बघायचे आणि मी कागदाकडं बघितलं की नजर काढून घ्यायचे. साडेअकराला ते म्हणाले, “ताईंनी लिहिलंय म्हणजे माझीच नजर चुकली असंल,” आणि डाव्या हातानं सही केली. अक्षरं वेडीवाकडी, एक वर, एक खाली.

“बालवाडीत कच्चे होतात का हो?” राजाध्यक्ष म्हणाले आणि कागद घेऊन गेले.

गोदामात कुणी घेतलं नाही. आठव्या दिवशी कामावरून कमी केल्याचं पत्र गेलं. त्याला ती सही जोडलेली होती. दोनशे गाड्यांची मागणी आली. मला विभागप्रमुख केलं. सव्वा वर्षानं बेल्टची स्प्रिंग बदलली, संगणकाला बटणाची आठवण ठेवायला शिकवलं, आणि सगळ्या विक्रेत्यांना एक सूचनापत्रक गेलं. ते मीच लिहिलं. ‘काही गाड्यांत बटणाचा दिवा लागलेला असूनही यंत्रणा कार्यरत नसण्याची शक्यता असते.’ हेही वाक्य खरं होतं.

रंभाजीभाऊंना ते कुणी पाठवलं नाही.

ते घेऊन मी पारनेरकडच्या त्यांच्या गावाला गेले ते चौकशीनंतर चार वर्षांनी. बाराच्या पुढं पोहोचायच्या हिशेबानं निघाले होते, पण एसटी वेळेत आली आणि मी सव्वाअकरालाच त्यांच्या दारात उभी राहिले. त्यांनी पिठाची गिरणी टाकली होती. घराला लागूनच पत्र्याची खोली. दारात दळणाचे सात-आठ डबे ओळीनं. गिरणी चालू होती. मला बघितल्याबरोबर त्यांनी खटका दाबून ती बंद केली. पट्टा फटफट करत थांबला. त्यांच्या भुवया पिठानं पांढऱ्या झालेल्या. डोळ्यांवर चष्मा.

“या ताई. बसा.” त्यांनी पोतं झटकून स्टुलावर टाकलं आणि मनगट बघितलं. तेच घड्याळ. “बारापर्यंत ना? बसा. काय घाई न्हाई.”

त्यांच्या बायकोनं पाणी आणून ठेवलं. माझ्याकडं बघितलं नाही. आत गेली आणि दार लोटून घेतलं.

मी बोलू शकत नव्हते म्हणून ते बोलत राहिले. गावच्या पावसापाण्याचं सांगावं तसं.

“चाकणला दोन ठिकाणी गेलो व्हतो. सही घेतलेला कागद आधीच पोचलेला. एका साहेबानं इचारलं, बटण कळतं का आता? म्हटलं कळतं. तर म्हणाला, दाखवा. मग शाळेची बस चालवायला गेलो. तिथं चार दिस गेले. पाचव्या दिवशी सिग्नलचा हिरवा दिवा दिसला आन मी थांबलो. मागून लोक हॉर्न मारत्यात, आन मी थांबलोय. म्हटलं खरंच हाय का मला दिसतोय. आत पोरं बसलेली. चावी शाळेवाल्यांच्या हातात देऊन आलो.”

त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला.

“नगरला डोळ्याच्या डॉक्टरकडं गेलो. डॉक्टर म्हणाला, डोळं चांगलं हायेत, तुम्हाला काय झालंय? म्हटलं नसलेले दिवे दिसत्यात. तो म्हणाला मग डोक्याच्याकडं जा. तिथं बी गेलो. दोन वर्षं गोळ्या खाल्ल्या. झोप लई यायची. ही शेतात एकटी राबायची. हा चष्मा साधाच हाय, बिननंबरी. पण डोळ्यावर काच असली की धीर वाटतो.”

मी पिशवीतून सूचनापत्रक काढून त्यांच्या हातात दिलं. तोंडानं जमत नव्हतं तर कागद तरी. त्यांनी ते दाराच्या उजेडात धरलं आणि बोट ठेवून वाचलं. ओठ हलत होते. ‘दिवा लागलेला असूनही’ या शब्दांवर बोट थांबलं. पुन्हा मागं गेलं. पुन्हा तिथंच थांबलं.

“म्हणजे दिवा व्हता.”

मी मान हलवली.

“हे पत्रक तीन वर्षांमागलं हाय.” त्यांनी खालची तारीख बघितली. सही बघितली. “तुमचीच सही.”

मी माळेचा पुढचा मणी ओढला.

“ताई, एक इचारू? तुम्ही उभ्या व्हता, मी निघू का म्हणलो, तवा हे तुम्हाला ठाऊक व्हतं?”

दारातून एक बाई डबा न्यायला आली. ‘झालं का, भाऊ?’ म्हणाली. त्यांनी हातानंच तिला थोडं थांबायची खूण केली आणि माझ्याकडं बघत राहिले.

“मघाशी मान हलवलीत की. मानंला बंदी न्हाई.”

मी मान हलवली. त्या दिवशी खिडकीपाशी हलवली होती तशीच.

त्यांनी पत्रकाची घडी घातली. एकदा, दोनदा, चारदा, बोटाएवढी होईपर्यंत. मग खाली वाकून डळमळणाऱ्या तराजूच्या पायाखाली ती सरकवली आणि तराजू हलतो का ते हात ठेवून बघितलं. हलत नव्हता.

“आन ते बारापर्यंतचं,” ते पाठमोरेच म्हणाले, “ते कधी सुरू झालं? मला तर अकराच म्हाईत व्हतं. इतकी वर्षं अकराच.”

याला मान हलवून उत्तर देता येत नव्हतं.

त्या दिवशी त्यांनी मनगट पुढं केलं तेव्हा अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती. माझा नेम संपलेला होता. बोलले असते तर खरं बोलावं लागलं असतं, आणि गप्प बसले असते तर ते नुसतं गप्प बसणं झालं असतं. मौन आहे असं लिहावं तर ते खोटं. म्हणून मी डोळे मिटून मनातल्या मनात नवा नेम घेतला, आजपासून बारापर्यंत, आमरण. मग पेन उचललं. त्यामुळं कागदावरचं वाक्य खरं झालं. तेव्हापासून आजवर मी तो एक दिवसही मोडलेला नाही.

गिरणीत पाल चुकचुकली. बाई दारात डब्यावर बोटं वाजवत उभी होती. रंभाजीभाऊ जात्याजवळ जाऊन उभे राहिले. मग त्यांनी मनगट बघितलं आणि तिथूनच, लांबून, माझ्याकडं वळवून धरलं. त्यांचा आवाज पहिल्यासारखाच होता.

“ताई, बारा वाजले. बोला आता.”

मी माळ पिशवीत ठेवली. नाव घेतलं. तोंड उघडलं.

त्यांनी खटका दाबला.

मोटर गुरगुरली, पट्टा एकदा सैल आपटला आणि ताणला गेला, आणि पत्र्याची ती खोली आवाजानं गच्च भरली. माझा आवाज आधीच लहान. मी तरी बोलले. सतरावा दोष सांगितला, दोनशे बारावा तास सांगितला, पहिल्या फेरीचं पान सांगितलं, अकरा वाजून पाच मिनिटं सांगितली. माझं मलाच ऐकू येत नव्हतं. ते माझ्या हलणाऱ्या ओठांकडं बघत होते, समजुतीनं, मधून मधून मान हलवत, एखाद्या पाहुण्याचं ऐकून घ्यावं तसे. खटक्याच्या वर लाल दिवा लागलेला होता.

माझं बोलणं संपलं तेव्हा त्यांनी पुढचा डबा उचलला आणि दळण गिरणीच्या वरच्या तोंडात ओतलं.